टाइम-ऑफ-फ्लाइटमध्ये पुन्हा पुन्हा येणारा संथ उंचवटा : लिक्विड क्रिस्टल सेलमधले आयन कसे ओळखायचे, कसे घालवायचे

टाइम-ऑफ-फ्लाइट म्हणजे लेसरच्या पल्सने सेलच्या एका बाजूला चार्ज तयार करायचा आणि तो पलीकडे किती वेळात पोचतो ते मोजायचं. त्यात बिघाडाचं लक्षण असं. डिस्कोटिक, म्हणजे चपट्या रेणूंच्या, लिक्विड क्रिस्टलचा सेल (दोन काचा आणि मध्ये पदार्थ) भरला, हॉट स्टेजवर (तापवायच्या मंचावर) ठेवला, व्होल्टेज दिलं, नायट्रोजन लेसरचा पल्स मारला. मायक्रोसेकंदांच्या टप्प्यात किंक दिसायला हवी, म्हणजे प्रवाह एकदम खाली वळतो तो बिंदू. ती दिसतच नाही. त्याऐवजी काही मिलिसेकंदांवर एक रुंद, आळसावलेला उंचवटा येतो. त्यावरून मोबिलिटी, म्हणजे विद्युत क्षेत्रात चार्ज किती सहज सरकतो ते, काढली तर छापील आकड्याच्या शंभरपट कमी. नवा सेल केला की एखादा चांगला निघतो, पुढचा पुन्हा तसाच.

जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबार या पट्ट्यात एम.एस्सी. प्रोजेक्ट आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न माझ्याकडे दर वर्षी दोन हंगामांत हमखास येतो. एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा पाऊस लागला की. हंगाम ठरलेले आहेत, हाच पहिला पुरावा समजा. रेणूला उन्हाळा-पावसाळा कळत नाही. पाण्याला, हवेला आणि अर्थिंगला कळतो.

तो उंचवटा तुमच्या रेणूचा नाही, आयनांचा, म्हणजे भेसळीतून आलेल्या चार्जधारी कणांचा, आहे. ॲम्प्लिफायर बदलून तो जाणार नाही. तो जातो सिंकवर आणि शुद्धीकरणाच्या टेबलावर. बहुतेक जण नेमके उलट्या दिशेने सुरुवात करतात : आधी लेसर तपासतात, मग ऑसिलोस्कोप (स्कोप), मग सॉफ्टवेअर, आणि महिनाभराने कुणीतरी विचारतं की काचा कशाने धुतल्या होत्या.

आधी आकडे समोर ठेवू. सूत्र सगळ्यांना माहीत आहे : मोबिलिटी म्हणजे सेलच्या जाडीचा वर्ग भागिले (व्होल्टेज गुणिले ट्रान्झिट टाइम). ट्रान्झिट टाइम म्हणजे चार्जला पलीकडे पोचायला लागणारा वेळ. सेलची जाडी १५ मायक्रॉन, व्होल्टेज ४५, आणि मोबिलिटी ०.००१ चौ.सेमी प्रति व्होल्ट-सेकंद धरली तर ट्रान्झिट टाइम येतो ५० मायक्रोसेकंद. मोबिलिटी ०.००००१ असेल तर तोच ५ मिलिसेकंद होतो. पहिला आकडा ट्रायफेनिलीन या डिस्कोटिक पदार्थाच्या, एकावर एक बसलेल्या रेणूंच्या स्तंभांतून उड्या मारत जाणाऱ्या होलचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेचा, आहे. दुसरा त्याच चिकट पदार्थातून वाट काढत जाणाऱ्या आयनाचा. दोन्ही गोष्टी एकाच सेलमध्ये एकाच वेळी घडू शकतात, आणि बहुतेकदा घडतातच.

म्हणून पहिली सूचना : स्कोपचा टाइमबेस मिलिसेकंदांवर ठेवून बसू नका. त्या पट्टीवर ५० मायक्रोसेकंदांची किंक डावीकडच्या कडेला चिकटलेल्या एका उभ्या रेघेत हरवते. एकच सिग्नल एक मायक्रोसेकंदापासून शंभर मिलिसेकंदांपर्यंत नोंदवा आणि दोन्ही अक्ष लॉगवर काढा. पुष्कळ वेळा तेवढ्यानेच दिसतं की आधी एक लहान पायरी आहे आणि मागून मोठा उंचवटा येतोय. तसं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. रेणू काम करतोय, फक्त सोबत कचरा आहे.

दुसरी गोष्ट स्कोपच्या इनपुटची. ५ बाय ५ मिलिमीटर इलेक्ट्रोडच्या १५ मायक्रॉन सेलची कपॅसिटन्स साधारण ४५ पिकोफॅरड, एक मीटर कोॲक्स केबलची आणखी शंभरेक, स्कोपची स्वतःची पंधरा-वीस. इनपुट एक मेगाओहमवर तसंच ठेवलं तर आरसी टाइम, म्हणजे रोध आणि कपॅसिटन्समुळे सिग्नलला येणारी सुस्ती, होतो १६० मायक्रोसेकंदांच्या आसपास. ५० मायक्रोसेकंदांची किंक त्यात पूर्ण बुडाली. हीच मोजणी १० किलोओहम लोडवर (इनपुटला लावलेल्या रोधावर) केली तर आरसी दीड-दोन मायक्रोसेकंदांवर येतो. सिग्नल लहान होतो हे खरं, पण खरा होतो. ‘सिग्नल मोठा दिसावा म्हणून’ लोड वाढवायची सवय आधी मोडा.

प्रकाशही बेताचा ठेवा. पल्सने तयार झालेला चार्ज सेलवरच्या एकूण चार्जच्या, म्हणजे कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजच्या, दहा टक्क्यांच्या आत हवा. वरच्या सेलसाठी ही मर्यादा ०.२ नॅनोकुलंब. ५० मायक्रोसेकंदांत तेवढा चार्ज गेला तर १० किलोओहमवर ४० मिलिव्होल्ट मिळतात. त्याहून बराच मोठा सिग्नल येत असेल तर न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर (प्रकाश मंद करणारा) लावा, नाहीतर चार्जच एकमेकांचं क्षेत्र बिघडवतात आणि किंक सरकते.

वाहक कोण आहे हे आधी ठरवा

इथे एक गैरसमज फार पक्का बसलेला आहे. ट्रान्झिट टाइमचा व्यस्त व्होल्टेजसमोर मांडला, सरळ रेषा आली, म्हणजे वहन इलेक्ट्रॉनिक. असं नाही. आयनसुद्धा क्षेत्रात ओढला जाऊन पलीकडे पोचतो, त्याचीही रेषा सरळ येते. जाडी बदलून केलेली चाचणीही तेवढंच सांगते की कुणीतरी या टोकापासून त्या टोकाला गेलं. कोण गेलं ते सांगत नाही.

ते सांगतं तापमान. आयन रेणूंच्या गर्दीतून स्वतः सरकतो, त्यामुळे त्याची मोबिलिटी पदार्थाच्या चिकटपणाशी बांधलेली असते. मोबिलिटी आणि चिकटपणा यांचा गुणाकार जवळपास स्थिर राहतो. थंड करत गेलात, पदार्थ जास्त सुव्यवस्थित अवस्थेत गेला, चिकटपणा वाढला, की आयन मंदावतो. होल मात्र एका रेणूवरून शेजारच्या रेणूवर उडी मारतो. रेणू जितके नीट रचलेले तितकी उडी सोपी. म्हणून त्याच संक्रमणावर, म्हणजे अवस्था बदलताना, होलची मोबिलिटी वर उडी घेते.

हेक्झाहेक्सिलॉक्सी-ट्रायफेनिलीन, ज्याला सगळे एचएटी-६ म्हणतात, तापवताना ७० अंशांच्या आसपास स्तंभीय अवस्थेत जातो आणि १०० अंशांच्या आसपास साधा द्रव होतो. १०५ वर मोजा, मग हळूहळू ९५ वर येऊन मोजा. उंचवटा डावीकडे, वेगाच्या बाजूला, एकदम सरकला तर होल. उजवीकडे सरकला, आणखी संथ झाला, तर आयन. ही चाचणी फुकट आहे, एका दुपारी होते, आणि मी तिच्यावर बाकी कुठल्याही चाचणीपेक्षा जास्त विश्वास ठेवतो. स्तंभीय अवस्थेच्या आतही फरक दिसतो : ट्रायफेनिलीनमध्ये होलची मोबिलिटी तापमानाने फारशी हलत नाही, आयनाची मात्र दर काही अंशांनी ठळकपणे बदलते.

दुसरी चाचणी लेसर बंद ठेवून. सेलला हर्ट्झच्या दहाव्या-शंभराव्या भागाइतक्या मंद वारंवारतेची त्रिकोणी लहर द्या आणि प्रवाह पाहा. स्वच्छ सेलमध्ये कपॅसिटन्सची सपाट पायरी आणि थोडासा रोधाचा उतार दिसतो. आयन असतील तर व्होल्टेजची दिशा उलटल्यावर एक फुगवटा उठतो, कारण एका इलेक्ट्रोडपाशी जमलेला लोंढा दुसरीकडे निघतो. एलसीडी उद्योगात पॅनेलमधले आयन याच पद्धतीने मोजतात. फुगवट्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे आयनांचा चार्ज. तो वहीत लिहून ठेवा, प्रत्येक सेलसाठी. पुढच्या हंगामात हीच वही उपयोगी पडते.

ही अडचण तुमच्या एकट्याची नाही, या विषयाच्या जन्मापासूनची आहे. डिस्कोटिक लिक्विड क्रिस्टल १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एस. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी दाखवले. चपटे रेणू भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक बसून स्तंभ करतात, हे तेव्हा पहिल्यांदा पुढे आलं. त्या स्तंभांतून होल वेगाने जातात हे टाइम-ऑफ-फ्लाइटने सिद्ध व्हायला १९९३ उजाडलं. पुढच्याच वर्षी हेक्झाहेक्सिलथायो-ट्रायफेनिलीनच्या अधिक सुव्यवस्थित अवस्थेत ०.१ चौ.सेमी प्रति व्होल्ट-सेकंद इतकी मोबिलिटी ‘नेचर’मध्ये छापून आली. थरांच्या, म्हणजे स्मेक्टिक, पदार्थांबाबत १९९७ मध्ये जपानच्या फुनाहाशी आणि हान्ना यांनी ०.००५ चा आकडा दाखवला. तोपर्यंत सळईसारख्या रेणूंच्या लिक्विड क्रिस्टलमध्ये वीज वाहते ती आयनांमुळेच, असं सर्रास मानलं जाई. त्या काळच्या नमुन्यांत खरोखरच आयनच जास्त बोलत होते. पदार्थ स्वच्छ झाले तसं चित्र बदललं.

आयन येतात कुठून

पहिलं ठिकाण : तुमचीच संश्लेषणाची पायरी. एचएटी-६ बहुतेक जण डायहेक्सिलॉक्सी-बेंझीनपासून फेरिक क्लोराइड वापरून करतात. म्हणजे रिॲक्शन फ्लास्कमध्ये लोह आणि क्लोराइड मुबलक असतं. पांढरा पदार्थ मिळाला, एनएमआर (रेणूची रचना तपासणारी चाचणी) स्वच्छ आला, की मुलं थांबतात. पण एनएमआरला टक्क्याखालची भेसळ नीट दिसत नाही, आणि इथे भांडण दशलक्षात काही भागांचं आहे. सिलिका कॉलम काढा, पण शेवटची पायरी कॉलमची ठेवू नका. बारीक सिलिका पदार्थासोबत उतरते. द्रावण बारीक छिद्रांच्या पीटीएफई (टेफ्लॉन) सिरिंज फिल्टरमधून गाळा आणि मग गरम इथेनॉलमधून पुन्हा पुन्हा स्फटिकीकरण करा. किती वेळा? त्रिकोणी लहरीचा फुगवटा कमी व्हायचा थांबेपर्यंत. दुसरा कुठलाही आकडा मी सांगणार नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली एक खूण फार बोलकी असते. अगदी हळू तापवत क्लिअरिंग पॉइंटपाशी, म्हणजे पदार्थ साधा द्रव होतो त्या तापमानापाशी, या. शुद्ध नमुना अंशभराच्या आत द्रव होतो. दोन्ही अवस्था शेजारी-शेजारी दोन-तीन अंशांपर्यंत रेंगाळत असतील तर पदार्थ पुन्हा साफ करायला घ्या, सेल भरण्यात वेळ घालवू नका.

दुसरं ठिकाण पाणी, आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या तक्रारींचं मूळ बहुधा हेच. नळाला पाणी आठवड्याच्या हिशेबाने यायला लागलं की टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी पडतं. ते जड असतं. डीआय प्लँटमधलं (पाण्यातले आयन काढणाऱ्या यंत्रातलं) रेझिन हिवाळ्यात जितके दिवस टिकतं त्याच्या निम्मेही टिकत नाही, आणि कॅलेंडर बघून कार्ट्रिज बदलणाऱ्याला ते कळतही नाही. काचा त्याच पाण्यात शेवटच्या धुतल्या जातात, वाळतात, आणि काचेवरच्या आयटीओ या पारदर्शक इलेक्ट्रोडवर क्षारांचा न दिसणारा थर राहतो. टेबलावरच्या टीडीएस मीटरने शून्य दाखवलं म्हणून पाणी चांगलं ठरत नाही, तो तेवढा बारीक नसतो; पण शून्याऐवजी काहीही दाखवलं तर पाणी वाईट आहे हे नक्की. कंडक्टिव्हिटी मीटर असेल तर प्रति सेंटिमीटर एका मायक्रोसीमेन्सच्या वरचं पाणी काचांना लावू नका.

धुण्याचा क्रम मी असा ठेवतो : डिटर्जंटच्या पाण्यात सोनिकेटर, मग भरपूर डीआय पाणी, मग पुन्हा ताजं डीआय, मग ॲसिटोन, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि ओव्हनमध्ये वाळवण. डिटर्जंट स्वतःच सोडियम आयनांचं भांडार आहे, म्हणून मधलं धुणं घाईत करू नका. काचा चिमट्याने धरायच्या. मे महिन्यातल्या घामेजल्या बोटाचा एक ठसा पूर्ण सेल खराब करायला पुरेसा असतो, हातमोजे घातले असले तरी त्याच हाताने कपाळ पुसलं असेल तर तेही गेलं.

तिसरं ठिकाण डिंक, आणि याकडे कुणाचं लक्ष जात नाही. दोन काचांमध्ये स्पेसर ठेवून कडा पाच मिनिटांत वाळणाऱ्या इपॉक्सीने चिकटवल्या जातात. वरून घट्ट झालेली इपॉक्सी आतून कच्ची असते. मग सेल ११० अंशांवर नेऊन पदार्थ द्रव अवस्थेत केशाकर्षणाने भरला की तो गरम द्रव त्या कच्च्या कडेला चाटून जातो आणि हार्डनर ओढून घेतो. असा सेल ध्रुवित प्रकाशाखाली थंड होताना पाहा : मधला भाग स्तंभीय झालेला असतो, पण डिंकाच्या कडेने एक पट्टा अजून द्रवच, काळा, राहिलेला दिसतो, आणि तो अंश-दोन अंश उशिरा गोठतो. भेसळीने क्लिअरिंग पॉइंट खाली आलाय, हे डोळ्यांना दिसतंय. डिंक फक्त दोन समोरासमोरच्या कडांना लावा, इलेक्ट्रोडच्या भागापासून जितका दूर ठेवता येईल तितका, आणि भरण्याआधी उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला पूर्ण वेळ पिकवा. यूव्ही डिंकालाही हेच लागू.

पावसाळ्याची तक्रार वेगळी. तेव्हा पाणी त्यामानाने बरं असतं, पण हवा दमट. धुतलेल्या काचा रात्रभर उघड्या ट्रेमध्ये राहिल्या की पृष्ठभागावर ओल बसते, आणि आधीच्या क्षारांना ती मोकळं करते. काचा ओव्हनमधून काढून डेसिकेटरमध्ये, तिथून थेट भरणीला. डेसिकेटरमधली सिलिका जेल निळी (कोरडी) आहे की गुलाबी (ओलावलेली) हे जुलैमध्ये रोज बघा. भरलेला सेल गरम असताना नायट्रोजनखाली ठेवता आला तर उत्तम; ऑक्सिजन इलेक्ट्रॉन पकडतो, आणि पकडलेला इलेक्ट्रॉन म्हणजे आणखी एक संथ ऋण आयन. ‘माझ्या पदार्थात इलेक्ट्रॉन वाहतच नाहीत’ असं लिहिण्याआधी हे डोक्यात असू द्या. हेक्झाहेक्सिलथायो-ट्रायफेनिलीनमध्ये इलेक्ट्रॉनचीही ०.१ ची मोबिलिटी २००५ मध्ये मोजली गेली आहे. प्रकाशाच्या बाजूचा इलेक्ट्रोड धन ठेवलात तर होल पलीकडे जातात, ऋण ठेवलात तर इलेक्ट्रॉन. दोन्ही मोजा आणि दोन्ही जतन करा.

मोजताना व्होल्टेज लावून चहाला जाऊ नका. आयन तेवढ्या वेळात इलेक्ट्रोडपाशी जमतात आणि आतलं क्षेत्र दाबून टाकतात; तुम्ही ४५ व्होल्ट धरून हिशेब करता आणि आत त्याहून कमी असतात. पल्सच्या थोडं आधी व्होल्टेज द्या, मोजा, काढा, इलेक्ट्रोड शॉर्ट करा, थांबा, मग पुढचा पल्स.

आयन गेले तरी किंक गोलसर

इथपर्यंत सगळं केलं, संथ उंचवटा गेला, पण वेगवान भागातही धारदार वळण नाही, नुसता उतार आहे. आता बघायचं ते रेणू कुठल्या दिशेने उभे आहेत. डिस्कोटिकमध्ये स्तंभ काचेला काटकोनात उभे हवेत, म्हणजे होल एका इलेक्ट्रोडपासून दुसऱ्यापर्यंत एकाच स्तंभातून जाईल. असा सेल एकमेकांना काटकोनात लावलेल्या ध्रुवकांमध्ये काळा दिसतो. पंख्याच्या आकाराचे रंगीत तुकडे दिसले तर स्तंभ आडवे पडलेत. स्मेक्टिकमध्ये बरोबर उलट : तिथे वहन थराच्या आत होतं, म्हणून थर काचेला काटकोनात हवेत, रेणू काचेला समांतर, आणि सेल उजळ दिसायला हवा. काळा स्मेक्टिक सेल म्हणजे चार्जला एका थरातून दुसऱ्यात उडी मारावी लागणार. डिस्कोटिकवरून स्मेक्टिककडे वळलेली मुलं इथे नेहमी अडकतात, काळा सेल पाहून खूश होतात.

स्तंभ उभे करायचे तर क्लिअरिंग पॉइंट ओलांडताना मिनिटाला अंशाच्या दहाव्या भागाने थंड करावं लागतं. इतक्या हळू चाललेल्या कामात मध्येच वीज गेली तर हॉट स्टेज झपाट्याने थंड होते आणि तुकडे-तुकडे पडतात. तापमान-नियंत्रक यूपीएसवर घ्या. लेसर नाही घेतला तरी चालेल. छताचा पंखा उघड्या हॉट स्टेजवर वारा टाकत असेल तर तो बंद करा. भुसावळच्या मे महिन्यात हे सांगणं क्रूर वाटतं याची मला कल्पना आहे, पण स्टेजवर झाकण आणि एक काचेची खिडकी बसवली की पंखा चालू ठेवता येतो. थर्मोकपल स्टेजच्या धातूला नाही, सेलच्या काचेला टेकवा.

उरला विजेचा खरखराट. नायट्रोजन लेसरचा डिस्चार्ज स्वतःच मोठा झटका सोडतो. सेलला धातूची पेटी हवी आणि ट्रिगर फोटोडायोडवरून घ्यावा. ५० हर्ट्झची लहर २० मिलिसेकंदांची असते, त्यामुळे ५ मिलिसेकंदांच्या आयनाच्या उंचवट्याशी ती सहज मिसळते आणि उंचवटा प्रत्येक वेळी वेगळा दिसतो. ही लहर उन्हाळ्यात वाढत असेल तर अर्थिंगचा खड्डा बघून या. आपली काळी माती मेमध्ये वाळून भेगाळते, पट्टीपासून सुटते, आणि अर्थचा रोध चढतो. खड्ड्यात पाणी घालत राहिलं की फरक पडतो. हे काम लॅबचं नाही म्हणून कुणी करत नाही. शिपाईमामांना सांगून ठेवा आणि झालं का ते स्वतः बघा.

मदत मागताना फक्त स्क्रीनचा फोटो पाठवू नका. सेलची जाडी आणि ती कशी मोजली, लोडचा रोध, दोन्ही ध्रुवतांचे लॉग-लॉग आलेख, क्लिअरिंग पॉइंटच्या वर आणि खाली एकेक मोजणी, लेसर बंद ठेवून काढलेला त्रिकोणी लहरीचा आलेख, आणि शेवटचं धुणं कुठल्या पाण्यात झालं ते. एवढं असेल तर बहुतेक वेळा उत्तर त्याच दिवशी सापडतं.